ऊन सरले, तरी गायी गाभण का राहत नाहीत?

प्रश्न : आम्ही दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला राहतो. सहा होल्स्टीन संकरित गायी, एक कालवड आणि दोन मुऱ्हा म्हशी असा आमचा गोठा आहे. मालक कुरकुंभला कंपनीत असल्यामुळे जनावरांचे मी आणि सासरे पाहतो. तीन वर्षांपूर्वी पत्र्याचा गोठा बांधला. यंदा एप्रिलपासून चंद्री, गौरी आणि सोनी या तीन गायींना मिळून कृत्रिम रेतनाच्या अकरा कांड्या भरल्या, पण एकही राहिली नाही. मे महिन्यात खर्च करून फॉगर बसवले, त्याचाही उपयोग झाला नाही. कालवड मात्र त्याच मे महिन्यात पहिल्याच कांडीत राहिली, म्हणून सासरे म्हणतात की उन्हाचा काही संबंध नाही, कांड्याच खराब आहेत. आता ऑगस्ट उजाडला, पाऊस पडून गारवा आला, तरी तेच चालू आहे. तुळशी नावाची गाय मेअखेरीस आठ दिवस आधी व्याली. वासरू बारीक, वार अडकली आणि दूध गेल्या वेतापेक्षा चार लिटरने कमी. म्हशी मार्चपासून माजावरच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात रेतन बंद ठेवावे का? की गायी विकून मोकळे व्हावे? वहीच्या पानांचे आणि गोठ्याचे फोटो व गोठ्याचा आराखडा सोबत पाठवत आहे.

उत्तर : ताई, तुमचे पत्र एकदा वाचले आणि वहीची पाने तीनदा पाहिली. रेतनाची तारीख, माज दिसल्याची वेळ, सोट (माजाचा चिकट स्राव) कसा होता, डॉक्टर किती वाजता आले, एवढे सगळे लिहून ठेवणारे पशुपालक मला फार थोडे भेटतात. बहुतेकांच्या गोठ्यात ही नोंद भिंतीवर कोळशाने केलेली असते आणि दिवाळीच्या चुन्याखाली ती जाते. तुमच्या तारखांमुळे निम्मे उत्तर तुमच्याच अक्षरात मिळाले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सोनीच्या तारखा पाहा. ५ मे, २६ मे, १६ जून, ७ जुलै. प्रत्येक वेळी बरोबर एकवीस दिवस. याचा अर्थ तिचे माजाचे चक्र व्यवस्थित चालू आहे, पण एक तर बीज फळलेच नाही किंवा फळून पहिल्या दोन आठवड्यांतच गर्भ मेला. गाय गाभण असल्याची खबर तिच्या शरीराला सोळाव्या दिवसाच्या सुमारास लागते, आणि ती खबर गर्भच एका प्रथिनाच्या रूपाने देतो. ती मिळाली नाही तर गर्भाशय आपल्या बाजूने संप्रेरक सोडते, अंडाशयावरचा गर्भ टिकवणारा पीतपिंड विरतो आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. सोनीच्या बाबतीत चारही वेळा ही खबर पोहोचली नाही.

चंद्रीचे निराळे आहे. १२ एप्रिलनंतर ती ३ मे रोजी, म्हणजे एकविसाव्या दिवशी उलटली, न राहता पुन्हा माजावर आली. पण ३ मेच्या कांडीनंतर ती आली थेट १० जूनला, म्हणजे अडतीस दिवसांनी. अडतीस हा एकवीसच्या पटीत बसणारा आकडा नाही. माझा अंदाज असा की त्या वेळी ती गाभण राहिली होती, खबरही पोहोचली होती आणि गर्भ नंतर, चौथ्या आठवड्याच्या आसपास गेला. पुढे १ जुलै आणि २२ जुलै पुन्हा नेमाने एकवीस दिवसांनी.

गौरीच्या २० एप्रिल आणि १ जून या दोन तारखांमध्ये बेचाळीस दिवस आहेत. मधला माज ११ मेच्या सुमारास येऊन गेला असणार आणि तो कोणालाच दिसला नाही. यालाच आपण मुका माज म्हणतो. पण गौरीच्या पानावर १ जूननंतर काहीच लिहिलेले नाही. तुम्ही तिला ‘न राहिलेल्या’ गायींत धरले आहे, आणि शेजाऱ्यांनी ‘माजावर येण्याचे इंजेक्शन’ देण्याचा सल्ला दिला आहे असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. कृपा करून ते इंजेक्शन आत्ता देऊ नका. १ जूनपासून आज सत्तर दिवस होऊन गेले आहेत. ती माज दाखवत नाही याचे कारण ती गाभण आहे हेही असू शकते, आणि त्या इंजेक्शनमध्ये बहुधा पीतपिंड विरवणारे औषध असते, ज्याने गाभण गायीचा गर्भ पडतो. आधी डॉक्टरांकडून हात घालून तपासणी, मग बाकीचे सगळे. हे काम या आठवड्यातले आहे.

आता मूळ प्रश्न. होल्स्टीन ही थंड मुलखातली गाय. पाच ते पंचवीस अंश सेल्सिअस एवढ्यात ती सुखात असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा अडतीस-चाळीसवर जातो, आणि त्यात दुधाची गाय स्वतःच एक पेटती चूल असते. कोठीपोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता निघते, दूध तयार होताना उष्णता निघते. वीस-बावीस लिटर देणाऱ्या सोनीच्या अंगात ती भाकड गायीपेक्षा कितीतरी जास्त निघते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे वळवते, आत गर्भाशयाकडे जाणारा पुरवठा घटतो, गाय खाणे कमी करते, आणि तरीही भागले नाही तर अंगाचे तापमान चढते. गायीचे नेहमीचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. रेतनाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गर्भाशयाचे तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढले तरी गाभण राहण्याचे प्रमाण खाली येते, हे पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलेले आहे. थंडीच्या तुलनेत उन्हाळ्यात दुधाच्या गायींचे गाभण राहण्याचे प्रमाण शंभरामागे वीस ते तीसने घसरल्याच्या नोंदी अनेक उष्ण देशांतून आहेत, म्हणजे हे दुखणे एकट्या तुमच्या गोठ्याचे नाही.

कालवडीचे कोडे इथेच सुटते. तिला दूध नाही, म्हणून तिच्या आतली चूल मंद आहे. तिच्याभोवती ऊन तेवढेच असले तरी तिचे शरीर ते सहज झेलते. उन्हाळ्यात कालवडी राहतात आणि दुधाच्या गायी उलटतात, हा उष्णतेच्या ताणाचा जवळजवळ शिक्का आहे. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढेच विचारा, की त्याच डॉक्टरांनी, त्याच नायट्रोजनच्या टाकीतून काढलेल्या कांडीने कालवड राहिली असेल, तर कांड्या खराब कशा? उष्णतेचा रेतावर परिणाम होतो हे खरे आहे, पण तो वळूच्या अंगात होतो आणि त्यानंतर दोन महिने टिकतो. गावात नैसर्गिक भरवणीला वळू वापरणाऱ्यांनी त्याची काळजी करावी. उणे १९६ अंशांत ठेवलेल्या कांडीला आपल्या उन्हाचे सोयरसुतक नसते, फक्त ती टाकीबाहेर काढल्यावर पस्तीस ते सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच भरली गेली पाहिजे. खिशात ठेवून मोटारसायकलवरून आणलेली कांडी मात्र नाकारा.

राहिला तो प्रश्न, ज्यावर तुम्ही बोट ठेवले आहे आणि ज्याचे उत्तर फार थोड्या गोठ्यांत माहीत असते : ऊन सरले तरी गाय का राहत नाही? आज माजाला जे बीज सुटते, ते आज तयार झालेले नसते. ते अंडाशयावरच्या ज्या पुटिकेत, म्हणजे बारीक फोडात, वाढते तिच्यात पाणी भरू लागल्यापासून ती फुटेपर्यंत साधारण चाळीस ते पन्नास दिवस जातात, आणि या सगळ्या काळात ती उष्णतेला हळवी असते. सोनीला ७ जुलै रोजी जे बीज सुटले, ते मेअखेरच्या, रोहिणीच्या उन्हात पत्र्याखाली वाढलेले होते. पाऊस गोठ्यावर पडला तेव्हा आडात आधीचेच पाणी होते; पोहऱ्यात दुसरे कुठून येणार? इस्रायल आणि फ्लोरिडा या दोन ठिकाणी हा विषय सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे, आणि तिथेही उन्हाळा संपल्यावर दोन-तीन माज जाईपर्यंत गायी पूर्ववत होत नाहीत असेच दिसले. तेव्हा जुलैतले अपयश हे जुलैचे नाही.

शिवाय आपल्याकडे जूनमधला गारवा हा अर्धा भास असतो. माणसाला वाऱ्याची झुळूक लागली की बरे वाटते, पण गायीवरचा ताण हवेचे तापमान आणि आर्द्रता यांच्या बेरजेने मोजावा लागतो. त्यासाठी एक निर्देशांक वापरतात. तो ७२च्या वर गेला की ताण सुरू झाला असे पूर्वी मानत, आणि जास्त दुधाच्या गायींसाठी आता ही रेषा ६८वर आणली गेली आहे. मेच्या दुपारी अडतीस अंश आणि पंचवीस टक्के आर्द्रता असताना हा आकडा सुमारे ८३ येतो. जूनमध्ये वळीव होऊन गेल्यावर तीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल तर तो सुमारे ८१ येतो. आठ अंशांनी पारा उतरला, आणि गायीला मिळाले काय, तर दोनच गुण.

तुमच्या फॉगरचे नेमके इथेच फसले. फॉगर धुक्यासारखे बारीक थेंब सोडतो. कोरड्या हवेत ते वाटेतच वाफ होऊन हवा थंड करतात, म्हणून एप्रिलमध्ये, बाजू उघड्या असलेल्या गोठ्यात त्याचा उपयोग होतो. तुमच्या फोटोत मात्र पश्चिमेला आणि दक्षिणेला ताडपत्री खाली सोडलेली दिसते, छतात पंखा नाही आणि भिंतींना ओल आली आहे. म्हणजे दमट हवा आतच कोंडली, थेंब केसांच्या टोकावर बसून राहिले आणि कातडीपर्यंत पाणी पोहोचलेच नाही. गाय ओली दिसते, पण थंड होत नाही, उलट तिला दुप्पट धाप लागते. तुम्हाला विकलेल्या माणसाने हे सांगायला हवे होते.

गायीला थंड करायचे तर पाणी कातडीपर्यंत भिजले पाहिजे आणि मग वाऱ्याने ते उडाले पाहिजे, या दोन्ही गोष्टी आळीपाळीने. इस्रायलमधल्या गोठ्यांत अर्धा मिनिट मोठ्या थेंबांचा फवारा, मग साडेचार मिनिटे जोराचा पंखा, असे चक्र अर्धा तास चालवतात आणि दिवसातून अनेक वेळा त्याची पुनरावृत्ती करतात. सहा गायींना यंत्रणेची गरज नाही. फॉगरचे नोझल काढून मोठ्या थेंबांचे शॉवर-नोझल त्याच पाइपला बसवता येतील, दोन मोठे पंखे गायींच्या पाठीच्या दिशेने तिरके लावता येतील, आणि टायमर नसेल तर धारेच्या आधी अर्धा तास, दुपारी बाराला आणि तीनला तुम्ही स्वतः कॉक उघडबंद करू शकाल. पाणी कासेवरून ओघळेपर्यंत सोडू नका, नाहीतर एक दुखणे घालवताना कासदाह ओढवून घ्याल. ताडपत्र्या गुंडाळून ठेवा. उन्हाची तिरीप येते तिथे गोणपाट पुरेसे आहे. पत्र्यावर चुना मारून वर उसाच्या पाचटाचा वीतभर थर घाला, पाचट तुमच्याकडे विकत आणावे लागणार नाही. आणि रात्री गायींना पत्र्याखालून बाहेर काढा. पुणे जिल्ह्याचे भाग्य असे की इथली रात्र उतरते. मेमध्येही पहाटे बावीस-तेवीस अंशांवर येते, आणि दिवसभर साठलेली उष्णता टाकण्याची हीच गायीची वेळ असते. तापलेला पत्रा आणि सिमेंटचा कोबा तिला ती टाकू देत नाही. मोकळ्या कुंपणात सोडायचे तर जाळी मजबूत आणि उंच हवी हे भीमाकाठच्या माणसाला सांगायला नको; बिबट्या आता शिरूर-जुन्नरपुरता राहिलेला नाही.

हे सगळे उपयोगी पडते की नाही ते अंदाजाने ठरवू नका. साधा थर्मामीटर घ्या आणि दुपारी तीनला दोन-तीन गायींचे तापमान गुदद्वारातून पाहा. १०२.५च्या वर असेल तर ताण आहे. थर्मामीटर नको असेल तर गाय उभी असताना तिच्या कुशीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. साठच्या वर श्वास म्हणजे ती झगडते आहे, ऐंशीच्या वर म्हणजे हरते आहे. पहाटे पाचला हाच आकडा पुन्हा मोजा. पहाटेही तो खाली आला नसेल, तर दुपारच्या फवाऱ्यापेक्षा रात्रीची सोय आधी करावी लागेल.

थंडावा देण्याची सर्वांत मोलाची वेळ मात्र माजाच्या दिवसापासून पुढचे दोन-तीन दिवस, ही आहे. फ्लोरिडात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गायींना माजानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णता दिली आणि आठव्या दिवशी गर्भ काढून पाहिले. पहिल्या दिवशी उष्णता लागलेल्या गायींचे गर्भ खुंटलेले होते, आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी उष्णता लागलेल्यांत फारसा फरक नव्हता. कारण असे की दोन पेशींचा गर्भ स्वतःचे संरक्षण स्वतः करू शकत नाही. त्याची जनुके कामाला लागतात ती आठ-सोळा पेशी झाल्यावर. तुमच्या वहीत सोनीचे रेतन तीन वेळा दुपारी एक ते दोनच्या दरम्यान झाले आहे, आणि गोठ्याच्या आराखड्यात तिची दावण पश्चिमेच्या टोकाला आहे, म्हणजे रेतन होताच ती दिवसाच्या सर्वांत तापलेल्या चार तासांत, सर्वांत तापलेल्या पत्र्याखाली उभी राहिली. सकाळी माज दिसला तर डॉक्टरांना संध्याकाळी बोलवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी. आणि भरवलेली गाय तीन दिवस अंगणातल्या लिंबाखाली, पंख्याच्या समोर बांधा. याला पैसा लागत नाही, जागा बदलावी लागते.

मुक्या माजाचेही असेच. उन्हात इस्ट्रोजेन हे माज आणणारे संप्रेरक कमी पडते, माज आखूड होतो आणि गाय उडण्याचे टाळते. अमेरिकेत व्हर्जिनियात झालेल्या नोंदींत एका माजात हिवाळ्यात सरासरी साडेआठ वेळा दुसऱ्या गायीला अंगावर घेणारी गाय उन्हाळ्यात साडेचार वेळाच घेताना दिसली. त्यातही ती रात्री दहानंतर आणि पहाटे घेते. तुम्ही सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, धारेच्या वेळी, गायी पाहता. त्यांची तोंडे तेव्हा पेंडीच्या घमेल्यात असतात. निजायच्या आधी पंधरा मिनिटे आणि पहाटे पाचला पंधरा मिनिटे, हातात काही काम न घेता, नुसते उभे राहून पाहा. गौरीचा ११ मेचा माज तिथे सापडला असता.

चारापाण्याचे थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात एकूण चाऱ्याचा दोनतृतीयांश भाग संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत घाला, दुपारी कडबा टाकू नका, चांगला मुरघास आणि हिरवी मका द्या, खनिज मिश्रण आणि मीठ बंद पडू देऊ नका. धापताना आणि लाळ गळताना क्षार जातात म्हणून खाण्याचा सोडा देण्याची पद्धत आहे, पण त्याचे प्रमाण तुमच्या खुराकाला धरून डॉक्टरांनीच ठरवावे. दुधाच्या गायीला अशा दिवसांत शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले कढत पाणी ती पीत नाही.

आता या तीन गायींचे काय करायचे ते. गौरीचे वर सांगितले. चंद्री पाच वेळा भरवून उलटली आहे, तेव्हा सगळा दोष उन्हावर टाकून मोकळे होऊ नका. पुढच्या माजाला तिचा सोट काचेसारखा स्वच्छ आहे की त्यात पुवाचे कण आहेत हे उजेडात धरून पाहा आणि डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. गर्भ मध्येच जात असेल तर गर्भपाताच्या संसर्गजन्य रोगासाठी, ब्रुसेल्लोसिससाठी, तिच्या रक्ताची तपासणीही करून घ्यावी. हा रोग माणसालाही लागतो, म्हणून पडलेला गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नका. सोनीचे अंडाशय ठीक आहे. तिला ऑगस्टचे माज सोडून द्या, फक्त तारखा लिहा, आणि सप्टेंबरअखेरपासून भरवा. तोवर पावसाळ्यात वाढलेली बीजे सुटायला लागतील. ऑक्टोबर हीटचे पंधरा-वीस दिवस पंखा बंद करू नका एवढेच. माज दिसतच नसेल तर इंजेक्शनांचे वेळापत्रक लावून, माज न पाहता ठरलेल्या तासाला रेतन करण्याची पद्धत आहे आणि ती मुक्या माजावर चांगली चालते, पण बिघडलेले बीज ती सुधारत नाही, म्हणून मेमध्ये तिच्यावर पैसे घालून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. ज्यांतून बहुधा कालवडीच जन्मतात त्या महागड्या कांड्यांचेही तसेच; त्यांचे गाभण राहण्याचे प्रमाण मुळात थोडे कमी असते, त्या थंडीत कालवडींना भरा.

तुळशीविषयी मला जरा स्पष्ट बोलावे लागेल. ती मार्चअखेरीस आटली, दूध बंद झाले म्हणून तिला गोठ्याच्या मागच्या पडवीत हलवले, आणि खुराकही कमी केला, असे तुम्हीच लिहिले आहे. जवळजवळ प्रत्येक गोठ्यात हेच होते, कारण भाकड गाय आज काही देत नाही. पण शेवटच्या दोन महिन्यांत गर्भाची सर्वाधिक वाढ होते आणि कास पुढच्या वेतासाठी नव्याने बांधली जाते. या काळात ऊन लागले तर वारेतून वासराला जाणारे रक्त घटते, गाय काही दिवस आधी विते, वासरू हलके निपजते, चिकातली रोगप्रतिकारशक्ती त्याला कमी शोषता येते, वार अडकण्याचे प्रमाण वाढते आणि आईचे दूध पूर्ण वेतभर खाली राहते. तुळशीच्या पानावर यातले बहुतेक सगळे उतरले आहे. आणखी एक गोष्ट फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासांनी पुढे आणली आहे, ती अशी की आईच्या पोटात असताना उष्णतेचा ताण सोसलेल्या कालवडी स्वतः व्यायल्यावरही कमी दूध देतात. तेव्हा दोनच पंखे परवडत असतील, तर त्यांतला एक भाकड गायीवर लावा. घरातली मंडळी हसतील.

रेतन पूर्ण बंद ठेवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कालवडी आणि वेताच्या शेवटी आलेल्या, कमी दुधाच्या गायी उन्हाळ्यातही भरवाव्यात. भरदुधाच्या गायींना, थंडाव्याची सोय खरोखर असेल तर भरवावे, आणि नसेल तर एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत माज नोंदवून सोडून द्यावेत. खरी सोय वेताचा हंगाम फिरवण्यात आहे. डिसेंबरच्या मध्याला राहिलेली गाय सप्टेंबरच्या वीस तारखेच्या आसपास विते, जुलैच्या मध्याला आटते, म्हणजे तिचा भाकड काळ उन्हात जात नाही, आणि पुढची भरवणी पुन्हा थंडीत येते. एकदम सगळा गोठा असा वळवता येणार नाही. सोनी-चंद्रीला डिसेंबरपर्यंत रिकामे ठेवणे परवडणार नाही, त्या ऑक्टोबरमध्ये राहिल्या तर जुलैत वितील आणि मे-जूनमध्ये भाकड असतील, तेव्हा पुढच्या वर्षी पंख्याखालची जागा त्यांची. कामाला मात्र होळीच्या आधी लागा. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, आणि बिजाचे ते चाळीस-पन्नास दिवस तिथूनच मोजायला सुरुवात होते. पाडव्याला पत्र्यावर पाचट चढलेले असावे.

गायी विकू नका. विकल्या तर बाजारातून येणाऱ्या गायी याच जातीच्या असतील आणि याच पत्र्याखाली उभ्या राहतील. सासऱ्यांनी खिलार गायींची आठवण काढली आहे, ती योग्य आहे. देशी गोवंशाची कातडी, घाम आणि गर्भाच्या पेशीसुद्धा उष्णता जास्त सोसतात. पण खिलारच्या दुधावर मुलांच्या शाळेची फी निघणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

म्हशींना सर्वांत शेवटी घेतो, कारण त्यांचे दुखणे वेगळे आहे. काळी कातडी ऊन शोषते, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूपच कमी, आणि तुमच्या म्हशी दावणीला बांधलेल्या असल्यामुळे डुंबायला मिळत नाही. त्यातून म्हैस मुळात दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारे जनावर आहे. उन्हाळ्यात तिचे अंडाशय बऱ्याचदा निजलेलेच असते, आणि माज आला तरी रात्री येऊन जातो. मार्चपासून पाच महिने झाले, म्हणून गौरीच्या तपासणीच्या वेळीच त्यांनाही हात लावून घ्या, जंताचे औषध आणि खनिज मिश्रण सुरू करा, आणि गणपती बसले की रात्री दहाला व पहाटे चारला त्यांच्याकडे फेरी ठेवा. म्हैस गायीसारखी दुसरीवर उडत नाही. त्या दिवशी ती पान्हा चोरते, थोडी थोडी लघवी वारंवार करते, निरण (योनीमुख) सुजते, आणि एरवी न रेकणारी म्हैस कारण नसताना रेकते. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी दोन तास त्यांना पाण्यात सोडता आले तर उत्तम. नदीवर न्यायला माणूस नसेल तर पाइपने तीन वेळा अंग भिजवा, पण बारीक धारेने नव्हे, भरपूर पाण्याने आणि सावलीत.